पत्र्याआडून बारा मिनिटं

पेनायाला कुणी विचारलं, शिक्षण किती, तर तो म्हणायचा, "आठवी आणि होडी." खोटं नव्हतं ते. सुवात, म्हणजे आमच्या बेटांच्या राजधानीत, विद्यापीठातल्या समुद्रशास्त्राच्या विभागात त्याने एकतीस वर्षं होड्या सांभाळल्या. इंजिनं धुवायची, हवेच्या टाक्या भरायच्या, पोरापोरींना खडकावर न्यायचं आणि जेवढी नेली तेवढी परत आणायची. कागदावर हुद्दा 'मदतनीस'. पण दर दोन वर्षांनी आमच्याकडे बेटाबेटांवरच्या विद्यार्थ्यांची परिषद भरते, आणि ती जवळ आली की मोठमोठे डॉक्टर बाजूला राहायचे नि सगळी पोरं याच्या मागे लागायची. "मोमो, माझं भाषण ऐका ना. मोमो, माझं पोस्टर बघा ना." मोमो म्हणजे मामा. तोंगाची असोत, किरिबासची असोत, सगळ्यांचा हा एकच मामा.

मी बिंदावती. त्याच विभागात पोस्टर छापायचं मोठं मशीन माझ्या ताब्यात असतं. पोरं मला तोंडावर बिंदा आंटी म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. माझी जीभ जरा तिखट आहे. पेनाया म्हणायचा, "बिंदा, तुझ्या कढीपेक्षा तूच जास्त झोंबतेस." मी म्हणायची, "तुझ्या उकडलेल्या कसाव्याच्या कंदाला ना चव ना वास, म्हणून तुला माझ्या डब्यावर डोळा." आणि रोज माझ्या दोन रोट्या खाऊन जायचा मेला.

त्याची शिकवायची तऱ्हा साधी होती. होड्यांच्या शेडमध्ये एका पिंपात पाणी भरून त्यात होडीचं इंजिन चालू ठेवायचा. ते फटफटत असायचं आणि पोराने त्याच्या वरताण बोलायचं. बारा मिनिटं. बाराच्या वर एक सेकंद गेला की टोपी फेकून मारायचा. पोस्टरसाठी दोन वल्ही. पोस्टर पत्र्याला टांगायचं, त्याच्यासमोर जमिनीवर एकापुढे एक दोन वल्ही ठेवायची, आणि दुसऱ्या वल्ह्याच्या टोकाशी उभं राहून वाचायचं. वाचता आलं नाही, तर मजकूर कापायचा. "माझ्या होडीवर जागा नाही," म्हणायचा. "काय फेकणार बोल." पोरी रडायच्या, पण फेकायच्या. आणि सगळं जमलं की तो काही बोलायचा नाही. हात खोलगट करून एकदाच टाळी वाजवायचा. कावाच्या मुळीचं पेय प्यायल्यावर आपल्याकडे वाजवतात ना, तशी भरीव. ती टाळी ऐकायला पोरं महिनामहिना घसा फोडायची.

ती टाळी विलीमाइनाला मिळणार नव्हती. पहिल्याच दिवशी ते उघड झालं.

विली बावीस वर्षांची, बारीक अंगाची, केसांचा हा एवढा टोप. मोआला बेटावरची. शेडच्या दारात आली, आत पेनाया दिसला, आणि तिथेच खाली मान घालून उभी राहिली. पेनायाने हातातला पाना खाली ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेला. मला वाटलं, काहीतरी भांडण आहे. बाहेर जाऊन विचारलं, "काय रे, पोरीला बघून पळालास कशाला?"

"बहीण आहे माझी," तो म्हणाला.

"बहीण? चौपन्न वर्षांचा घोडा तू, आणि ती बहीण?"

"माझी आई थोरली, तिची आई शेंडेफळ. सख्ख्या बहिणी. म्हणजे बहीणच ना."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बेटांवरच्या मूळच्या लोकांत भाऊ आणि बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. मोठे झाले की नाही. एका खोलीत बसत नाहीत, समोरासमोर येत नाहीत, थट्टा तर सोडाच. राग म्हणून नाही, मान म्हणून. माझ्या शेजारची लुसियाना तिच्या भावाच्या घराला भिंत लावून चाळीस वर्षं राहिली, आणि त्याला मीठ हवं असलं तर तो माझ्या नवऱ्याला सांगायचा. मी जन्मापासून बघत आलेय. पण भाषण शिकवायचं आणि बोलायचं नाही, हे कसं जमायचं?

"दुसऱ्या कुणाकडून तयारी करून घेऊ दे तिला," मी म्हटलं.

"दुसरं कोण आहे?" तो म्हणाला. गर्वाने नव्हे, खरंच विचारत होता. मग म्हणाला, "तू आहेस ना. मी बाहेर बसेन. तू आत थांब. मी सांगेन ते तिला सांग."

"मी काय टपाल आहे?"

"तोंड तर तुझं चोवीस तास चालूच असतं. थोडं माझ्यासाठी चालव."

असं ते ठरलं. शेडच्या मागे फणसासारखी फळं येणारं ते ब्रेडफ्रूटचं झाड आहे, त्याखाली, पत्र्याला टेकून, त्याने एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची टाकली. आत विली बोलायची, इंजिन फटफटायचं, मी घड्याळ धरून बसायची. बारा मिनिटं झाली की मी वळसा घालून मागे जायची. तो हळू आवाजात सांगायचा, मी परत यायची. मी येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, म्हणजे त्याचं बोलणं तिच्या कानावर जाणार नाही, असा त्याचाच नियम.

तिचा विषय होता चिखलातले खेकडे. तिच्या गावचे प्रमुख वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे शंभर रात्री तिवरांत कुणी खेकडे धरायचे नाहीत, अशी बंदी घातली होती. शंभर रात्री संपल्या तरी गावातल्या बायकांनी आपणहून एक खाडी तशीच सोडली. विलीने तीन वर्षं त्या खाडीतले आणि शेजारच्या उघड्या खाडीतले खेकडे मोजले, पाठीची रुंदी मापली, परत सोडले. अकराशे चाळीस खेकडे. बोटांवर चिमट्यांच्या खुणाच खुणा. ती एरवी गोगलगाय, पण खेकड्यांचं बोलायला लागली की डोळे चमकायचे.

पहिल्या दिवशी पेनाया म्हणाला, "सांग तिला, उंदीर पण हिच्यापेक्षा मोठ्याने बोलतो."

मी आत जाऊन तस्सं सांगितलं. विलीने मान खाली घातली. "आणखी काय म्हणाले?"

"पहिली तीन मिनिटं पाल्हाळ आहे. खेकडा चौथ्या मिनिटाला येतो. लोक तोवर झोपतात."

दुसऱ्या दिवशी खेकडा पहिल्याच वाक्यात आला. तो म्हणाला, "सांग, आता खेकड्याने श्वास तरी घेऊ दे." ती श्वास घ्यायला शिकली. आठव्या मिनिटाला, आकडे सांगून झाले की, ती थांबायची, एक मोठा श्वास घ्यायची आणि मग म्हणायची, "हे बायकांनी केलं." बाहेर खुर्ची करकरायची. मी पत्र्याला टेकून बसलेली, म्हणून मला ते ऐकू यायचं, तिला नाही.

मी टपाल म्हणून काही वाईट नव्हते. त्याचं बोलणं घासूनपुसून न घेता न्यायची. उलट आपला मसाला घालायची. पण एक होतं. तो चुका सांगायचा तेवढ्याच. चांगलं काही म्हणायचा नाही. एकदा विलीने विचारलं, "आंटी, त्यांना माझं काम आवडत नाही का? मला वाटतं, माझ्यामुळे त्यांना लाज वाटते." तिने त्याचं नाव कधी घेतलं नाही. "ते" किंवा "बाहेरचे". मी म्हटलं, "अगं, तो कुणालाच चांगलं म्हणत नाही." ती म्हणाली, "इतरांना टाळी मिळते." मी पेनायाला जाऊन झापलं, "एक शब्द बरा बोलशील तर जीभ झडेल का तुझी?" तो म्हणाला, "बरं झालं की बोलेन. उगाच बोललो तर तिला कळेल, उगाच आहे ते. रक्ताची आहे माझ्या."

परिषदेला अठरा दिवस राहिले होते, शुक्रवार होता. आणि त्या दिवशी माझं डोकं फिरलेलं होतं.

विलीचं पोस्टर मी तीनदा छापलं होतं. तिसऱ्यांदा सगळं बसावं म्हणून मी गावातल्या बायकांचा फोटो कडेने थोडा कापला. कडेला एक बाई अर्धवट उभी होती, ती गेली. विली आली, पोस्टर बघितलं, आणि म्हणाली, "आंटी, हे परत छापावं लागेल. एक बाई नाहीये."

"एका बाईपायी चौथ्यांदा? शाई काय नळाला येते? बाकीच्या चौदा आहेत ना!"

"ती कडेलाच उभी राहते नेहमी," ती हळूच म्हणाली. "माझी आई आहे."

मला लाज वाटली. खरं सांगते, खूप वाटली. आणि मला लाज वाटली की राग येतो, हा माझा जन्माचा दोष आहे. मी चौथ्यांदा छापलं, पण आदळआपट करत. मशीनचं झाकण आपटलं, गुंडाळी तिच्या हातात कोंबली, आणि म्हटलं, "घे तुझी आई." पोरीचे डोळे लाल होते. मला वाटलं, माझ्या बोलण्याने. जरा बरंच वाटलं मला, देव मला क्षमा करो.

दुपारी शेडमध्ये तालीम. तिने भाषण केलं. आणि काय केलं! इंजिन फटफटत होतं, पण मला आठवतं ते फक्त तिचं बोलणं. बारा मिनिटांना चार सेकंद कमी. मी मागे गेले. पेनाया खुर्चीवर पुढे वाकून, हात गुडघ्यांत धरून बसला होता. वर बघितलं तर डोळ्यांत पाणी.

"सगळं ऐकू आलं," तो म्हणाला. "शब्द न् शब्द. सांग तिला, छान झालं म्हणावं. आता परत म्हणायचं नाही, यातलं काही हलवायचं नाही. आता घरी जा, झोप काढ. आवाज दमलाय तिचा."

मी वळसा घालून आत आले. विली इंजिनाच्या पिंपाला धरून उभी होती. "काय म्हणाले?"

आणि मी... काय सांगू! झाकण आपटल्याचा राग अजून हातात होता. मला वाटलं, हिला आत्ताच कशाला चढवायचं? आधीच आगाऊपणा काय कमी आहे? सोमवारी सांगू. दोन दिवस कळ सोसू दे. मोठं काही नव्हतं हो मनात. दोन दिवसांची खुन्नस, बस.

"ऐकू आलं नाही म्हणाला," मी म्हटलं. "इंजिनात बुडालं."

"सगळं?"

"सगळं."

तिने कपाळावरचा घाम बाहीने पुसला. मग म्हणाली, "आंटी, शेडची किल्ली देता? शनिवार-रविवार करते मी परत." आणि मी कनवटीची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

सोमवारी सकाळी पहारेकऱ्याने तिला शेडमध्ये बघितलं. पिंपाला पाठ लावून बसली होती, उठता येत नव्हतं. अंगात ताप फणफणत होता. शुक्रवारपासूनच असणार, लाल डोळे त्याचे होते. रविवारी ती चर्चमध्येही गेली नव्हती म्हणे. दिवसभर शेडमधून इंजिनाचा आवाज येत होता. डेंग्यू. त्या वर्षी सुवात घरटी एक रुग्ण होता. बहुतेक उठले.

मंगळवारी मी रोटीचं पुडकं घेऊन इस्पितळात गेले. बाहेरच्या बाकावर पेनाया बसला होता. बहीण आत निजलेली, म्हणून तो आत जात नव्हता. तिथेही नाही. दोन दिवस त्या बाकावर, पाठ भिंतीला लावून. पलीकडे तिची खाट.

"हट्टी आहे बघ," तो मला म्हणाला. "आमच्याकडच्या बायका सगळ्या अशाच. घरी जा सांगितलं, झोप सांगितलं, तरी शेडमध्ये जाऊन बसली. ऐकेल तर शपथ." आणि जरासा हसला. "पण खूश झाली असेल ना शुक्रवारी?"

माझ्या हातातलं पुडकं गरम होतं. मी मान हलवली. वरखाली.

परिचारिका म्हणाली, आत्ता झोपलीय, उद्या या. मला तर बरंच वाटलं. उद्या कानाशी जाऊन सांगेन, पाया पडेन तिच्या, असं ठरवून घरी आले. बुधवारी सकाळी मी साडी बदलत होते, तेव्हाच फोन आला.

शुक्रवारच्या जहाजाने तिला मोआलाला नेलं. पेनाया बरोबर गेला. मी धक्क्यावर उभी होते. चटयांमध्ये गुंडाळलेली ती पेटी चढवली, आणि ती चढेपर्यंत पेनाया तोंड फिरवून उभा होता. तेव्हाही त्याने समोर बघितलं नाही. त्या दिवसापासून मला झोप लागेनाशी झाली, ती आजतागायत तशीच आहे.

परिषदेच्या दिवशी तो परत आला. दाढी वाढलेली, काळा सदरा, कमरेला गुंडाळलेला काळा सुलू. कार्यक्रमपत्रिकेत दहा वाजून चाळीस मिनिटांनी विलीचं नाव होतं, ते कुणी खोडलं नव्हतं. अध्यक्षबाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या, या मुलीची बारा मिनिटं आपण शांत बसून काढू या.

मागच्या रांगेतून पेनाया उठला. "नको," तो म्हणाला. "शांत नको. मी तिच्या गावी गेलो होतो शांत बसायला. पुष्कळ बसलो."

सत्तावीस वर्षांत तो त्या व्यासपीठावर फक्त खुर्च्या लावायला चढला होता. आता चढला तो माइक बाजूला सारून. सभागृहात इंजिन नव्हतं, पण तो इंजिन असल्यासारखा बोलला. पहिल्या वाक्यात खेकडा आला. तिचेच शब्द, तिच्याच क्रमाने, नऊ तालमी पत्र्याआडून ऐकलेले. तिची चित्रं कुणीतरी पडद्यावर लावली होती, त्यातलं एकही मात्र त्याने बघितलेलं नव्हतं. तालमीत ती आतल्या बाजूला दिसायची, तो बाहेर असायचा. त्यामुळे पडद्यावर चित्र बदललं की तो क्षणभर थबकायचा, बघायचा, 'असं होय' असं तोंड करायचा, आणि पुढचं वाक्य म्हणायचा. आठव्या मिनिटाला आकडे संपले. तो थांबला. एक मोठा श्वास घेतला, जिथे ती घ्यायची तिथेच. "हे बायकांनी केलं," तो म्हणाला. माझ्या शेजारची लुपे, तोंगाची पोर, तिने तोंडात रुमाल कोंबला.

भाषण संपलं. आणि पडद्यावर आणखी एक चित्र आलं.

ते त्याला माहीत नव्हतं. तालमीत ती ते बोलायचीच नाही, त्याला ऐकू जाईल म्हणून. मला माहीत होतं. ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली पत्र्याला टेकवलेली ती पांढरी प्लास्टिकची खुर्ची, रिकामी. खाली एवढंच लिहिलेलं: 'ज्यांनी ऐकलं त्यांचे आभार.'

पेनाया बघत राहिला. घड्याळात बारा मिनिटं होऊन गेली, तेरावं गेलं. टोपी फेकायला कुणी नव्हतं. शेवटी तो आमच्याकडे वळून म्हणाला, "हे मी ऐकलं नव्हतं." आणि खाली उतरला.

चहाच्या वेळी सगळे तिच्या पोस्टरपाशी जमले. पोरं रडत होती, तो त्यांना समजावत होता. "बोलायचं कसं ते तिच्याकडून शिका," म्हणाला. "ऐकायचं कसं ते मात्र तिच्याकडून नको. मी निरोप दिला होता, घरी जा, झोप. माझं ऐकलं असतं तर आज इथे उभी असती. मोठ्यांचं ऐकत जा रे बाबांनो."

पोरं माना डोलवायला लागली. आणि मला ते सोसेना. मेलेल्या पोरीला कुणी न ऐकणारी म्हणावं, तेही त्याने, आणि मी तिथे हातात बिस्किट धरून उभं राहावं!

"तिने ऐकलं असतं," मी म्हटलं. "मी सांगितलंच नाही तिला."

"काय?"

"छान झालं ते. घरी जा ते. काहीच नाही सांगितलं. मी म्हटलं, तुला काही ऐकू आलं नाही. सगळं इंजिनात बुडालं, असं मी म्हटलं. मला राग आला होता पोस्टरचा. सोमवारी सांगणार होते रे मी. किल्लीसुद्धा मीच दिली."

पेनाया माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याने फक्त नजर खाली घेतली, जमिनीकडे. मग लुपेकडे वळला.

"बिंदाबाईंना सांग," तो तिला म्हणाला, "पोस्टर उतरवताना कोपरे फाटायला नकोत."

मी त्याच्यापासून तीन हातांवर उभी होते. लुपे गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "आंटी, मोमो म्हणतात..." "ऐकलं मी," मी म्हटलं.

त्यानंतर चार वर्षं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. काम अडलं नाही कधी. "बिंदाबाईंना सांग, शाई संपत आलीय." "बिंदाबाईंना विचार, कागद कधी येणार." मी खोलीत आले की तो मागच्या दाराने निघून जायचा. रोट्या मी डब्यात दोन जास्तच नेत राहिले, आणि त्या परत आणत राहिले. लोक मला म्हणायचे, त्याने तुला तोडलं. काही म्हणायचे, वेडे, त्यांच्यात ज्या बाईशी पुरुष बोलत नाही ती बहीण असते, त्याने तुला तिच्या जागी बसवलं. मला कसं कळावं? विचारायचं तर त्यालाच विचारायला हवं होतं. आणि कुणाच्या तोंडून विचारणार? निरोप पोचवायचा धंदा माझा होता, आणि मी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

विलीचं पोस्टर शेडमध्येच टांगलेलं राहिलं. समोर दोन वल्ही. नवी पोरं आली की तो त्यांना दुसऱ्या वल्ह्याच्या टोकाशी उभं करायचा आणि म्हणायचा, "वाच. कडेच्या बाईपर्यंत सगळं दिसतंय का सांग."

गेल्या महिन्यात तो निवृत्त झाला. मोआलाला कायमचं जायचं ठरलं. पोस्टर विलीच्या आईसाठी न्यायचं होतं. लुपे आता आमच्याच विभागात शिकवते, तिने येऊन सांगितलं, "मोमो म्हणतात, पोस्टर तुम्हीच बांधा." मी दोन दिवस घेतले. मऊ कागद, मग प्लास्टिक, मग नळी, दोन्ही तोंडांना मेण. कोपऱ्याला सुरकुती नाही पडू दिली.

धक्क्यावर सगळा विभाग आला होता. हार, गाणी, रडारड. मी मागे, मालाच्या पोत्यांच्या आड उभी राहिले. पेनाया शिडी चढला, पोस्टरची नळी तान्ह्या पोराला धरतात तशी छातीशी धरून. वर जाऊन वळला. सगळ्यांवरून नजर फिरली, ती पोत्यांपाशी येऊन खाली गेली. मग त्याने कठड्यावरून वाकून लुपेला बोलावलं आणि तिच्याशी काहीतरी बोलला.

लुपे गर्दीतून धावतच आली. धापा टाकत होती. कुठेही थांबली नाही, कुणाशी बोलली नाही, सरळ माझ्यासमोर.

"आंटी, मोमोंनी निरोप दिलाय. लगेच सांग म्हणाले. छान झालं म्हणावं. आता घरी जा, झोप काढ."

जहाजाचा भोंगा वाजला. मी लुपेचा हात धरला आणि म्हटलं, परत सांग. जसं म्हणाला तसंच सांग. तिने परत सांगितलं.